पाठीचे २२ प्रश्न आणि योजनेची खिडकी

आमच्या ओपीडीत माझं टेबल सरकारी योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीला लागून आहे. पाटीवर 'समाजसेवा अधीक्षक' असं लिहिलंय, पण राळेगावपासून आर्वीपर्यंत लोक मला ओळखतात ते 'योजनावाली मॅडम' म्हणून. प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड निघतं, आधार निघतं, पूर्वी कार्ड पांढरं असलं तर सातबाराही निघायचा. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना तेव्हा महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे सरकारी मोफत उपचारांच्या योजनेत घेतलं होतं, त्यांत वर्धा, यवतमाळ, अमरावती हे तिन्ही आहेत. सगळे कागद माझ्यासमोर पसरले की माणूस खुर्चीत जरा मागे रेलतो. आता मॅडम बघतील.

याच टेबलावर ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागातल्या, रेसिडेंट डॉक्टरने एक दिवस झेरॉक्सचा गठ्ठा आणून ठेवला. "मॅडम, स्कोलिओसिसची मुलं आली की हे भरून घ्याल का? थीसिस आहे." पाठीचा कणा वाकलेल्या किशोरवयीन मुलांना त्यांचं जगणं कसं चाललंय हे विचारणारी एक प्रश्नावली आहे. ती मराठीत आणायची आणि मराठीत ती नीट मोजते का ते तपासायचं, असा विषय. मी हो म्हटलं. टेबल माझं, खुर्च्या माझ्या, आणि पोरांच्या आयांशी बोलायची सवयही माझीच.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कोलिओसिस म्हणजे कणा बाजूला वळणं, आणि वळता वळता स्वतःभोवती पिळणं. मुलीला पुढे वाकायला सांगितलं की एका बाजूच्या फासळ्या उचललेल्या दिसतात. एक्स-रेवर बाक १० अंश किंवा त्याहून जास्त भरला तर स्कोलिओसिस म्हणतात. कोन मोजायची पद्धत जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडली, म्हणून त्याला कॉब अँगल म्हणतात. १० ते १८ वयाच्या शंभर मुलांत दोन-तीन जणांना असा बाक असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. छोटा बाक मुलामुलींत जवळपास सारखाच आढळतो, पण वाढत वाढत उपचारापर्यंत पोचणाऱ्यांत मुलीच फार. जड दप्तराने हा होत नाही, डोक्यावर पाण्याचा गुंड वाहिल्याने होत नाही, पोक काढून बसल्याने होत नाही. मी हे रोज सांगते आणि रोज कुणाची तरी आजी मला खोटं पाडते.

आमच्याकडे हा बाक पहिल्यांदा दिसतो तो शिंप्याला. तेरा-चौदाची पोरगी, ढगळ कुर्ता, वरून ओढणी. आईनेसुद्धा लेकीची उघडी पाठ कित्येक वर्षांत पाहिलेली नसते. शाळेच्या ड्रेसचं माप घेताना शिंपी टेप दोनदा लावून बघतो. एक खांदा खाली का भरतो? शिवून दिलेल्या कुर्त्याचा घेर एकाच बाजूने वर का चढतो? मग बाई भांडायला येते की कापड बिघडवलं, आणि तो म्हणतो, कापड नाही बाई, पोरीला दवाखान्यात दाखव. कळंब तालुक्यातल्या एका शिंप्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण आमच्या ओपीडीला त्याने एकाहून जास्त पेशंट पाठवलेत.

उपचाराचा हिशेब कोनावर चालतो. २५ अंशांच्या आत असेल तर लक्ष ठेवायचं. हाडांची वाढ बाकी असेल आणि बाक २५ ते ४५ च्या मधे असेल तर ब्रेस, ज्याला इथं सगळे पट्टाच म्हणतात. ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचा विचार. पट्ट्याचा उपयोग होतो की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातला एक मोठा अभ्यास आला. पट्टा घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. पट्टा जितके जास्त तास, तितका जास्त फायदा. हे अगदी मान्य. पण जे डॉक्टर हे सांगतात त्यांनी एकदा मे महिन्यात पुलगावच्या स्टँडवर पट्टा घालून उभं राहावं असं मला नेहमी वाटतं. जाड प्लॅस्टिक, आत बनियन, बाहेर पारा ४५ वर. कोनही ४५, पाराही ४५. आमच्याकडे दोन्हीला सारखंच घाबरतात.

कोनावरून सगळं कळत नाही, म्हणून ही प्रश्नावली. ५० अंशांची पोरगी वर्गात पहिल्या बेंचवर बसून खिदळत असते आणि ३० वाली दोन वर्षं कुठल्याच फोटोत उभी राहिलेली नसते. १९६६ मध्ये स्थापन झालेली स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी नावाची डॉक्टरांची संस्था आहे, तिच्या नावाने ही प्रश्नावली ओळखली जाते. १९९९ मध्ये तिच्यात २४ प्रश्न होते, पुढे छाटून २२ झाले. एसआरएस-२२. कामकाज, दुखणं, स्वतःचं दिसणं आणि मनाची स्थिती यांचे पाच-पाच प्रश्न, आणि उपचाराबद्दलच्या समाधानाचे दोन. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. पाच म्हणजे उत्तम. गटाची सरासरी काढायची, संपलं. २००६ मध्ये कामकाजाच्या गटातले प्रश्न सुधारले गेले, म्हणून आता शेवटी एक 'आर' लागतो. हा कामकाजाचा गट लक्षात ठेवा, माझं सगळं भांडण तिथंच आहे.

भाषांतर कसं झालं, शब्द कसे निवडले, हेच मला सगळे विचारतात. त्यात विशेष काही घडलं नाही. अशा कामाची ठरलेली पद्धत आहे, २००० साली छापून आलेली आणि जगभर वापरली जाणारी. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, एक विषय माहीत असलेला आणि एक अजिबात माहीत नसलेला. दोन्हींची एक प्रत करायची. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दोघांनी ती पुन्हा इंग्रजीत न्यायची, म्हणजे काय निसटलं ते दिसतं. मग समिती, मग ३०-४० जणांवर चाचणी. आमच्या समितीत एक मराठीचे सर होते, चहा बिनसाखरेचा घ्यायचे आणि स्वल्पविरामावर भांडायचे. प्रत चांगली झाली. खरी पंचाईत ती प्रत माझ्या टेबलावर आल्यावर सुरू झाली.

पहिल्या पहिल्या पेशंटमधले एक वडील. सोयाबीन घरात पडून, पोरगी नववीत, एक्स-रे नुकताच काढलेला. मी कागद मुलीच्या हातात दिला, त्यांनी तो तिच्या हातातून घेतला.

"हे भरलं म्हणजे आपरेशन योजनेत बसन काय जी?"

मी सांगितलं की याचा योजनेशी संबंध नाही, हा अभ्यास आहे, भरायचं तर तिने भरायचं. त्यांनी मान हलवली आणि खिशातून पेन काढलं. योजनावाली मॅडम कागद देते आणि म्हणते योजनेचा नाही. यावर कोण विश्वास ठेवेल? पंधरावा प्रश्न आहे की पाठीमुळे तुम्हाला किंवा घरच्यांना पैशाची अडचण येते का. तिथे त्यांनी सगळ्यात टोकाच्या चौकटीवर पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं. मग वरती परत गेले आणि दुखण्याच्या प्रश्नांतही टोकाच्या चौकटी धरल्या. पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, मायी पाठ नाई दुखत." "तू चूप राह्य," ते म्हणाले, रागाने नाही, अगदी मायेने. लेकीसाठी अर्ज भरत होते ते. तेवढ्यात ऑर्थोचे मोठे सर राउंडवरून परतताना आमच्या बाजूने गेले. त्यांनी उठून नमस्कार केला, खाली बसले आणि शेवटच्या दोन प्रश्नांत उपचाराबद्दल 'अतिशय समाधानी' केलं. उपचार अजून सुरूच झाला नव्हता. (ज्यांचा उपचार झाला नाही त्यांना ते दोन प्रश्न सोडून देता येतात, २० प्रश्नांची बेरीज वेगळी काढतात. पण साहेब समोरून गेल्यावर कोण रिकामं सोडेल?)

मुलं स्वतः भरतात तेव्हा वेगळीच गंमत. त्यांना ती परीक्षा वाटते. "मॅडम, बरोबर उत्तर कोणतं?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी कागदाच्या वर ठळक अक्षरात लिहून घेतलं की यात बरोबर-चूक काही नाही. काही पोरं कंटाळून वरून खालपर्यंत पहिल्याच पर्यायावर टिका मारत जातात. पण ज्यांनी ही प्रश्नावली बनवली ते हुशार. पर्यायांची दिशा त्यांनी मधेमधे उलटवून ठेवलीय. पहिल्या प्रश्नाचा पहिला पर्याय आहे की अजिबात दुखत नाही. पाचव्याचा पहिला पर्याय आहे की अंथरुणाला खिळून आहे. सरळ रेषेत टिका मारणारा पोरगा कागदावर वेदनामुक्त आणि अंथरुणाला खिळलेला असतो, आणि प्रत्यक्षात माझ्यासमोर स्टूलवर झुलत असतो. तेव्हापासून मी पहिला आणि पाचवा एकत्र वाचते, बाकीचं नंतर.

मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारणारे प्रश्न बरेच आहेत. सहा महिने म्हणजे कधीपासून, हे पोरांना बोटावर मोजता येत नाही. होळीच्या आसपास आलेल्या मुलीला 'तान्ह्या पोळ्यापासून' म्हटलं की चेहरा लगेच उजळतो, त्या दिवशी तिने काय घातलं होतं इथपासून तिला आठवायला लागतं. हे आम्ही सूचनांच्या कागदात महिन्यांप्रमाणे लिहून ठेवलं, म्हणजे विचारणारा कोणीही असो, खूण तीच राहील. स्टॅटिस्टिशियन खूश झाले. ते आमच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात बसतात आणि सहसा कशावर खूश होत नाहीत.

आता कामकाजाचा गट. त्यात पाच प्रश्न: एकूण हालचाल किती, शाळेचं किंवा कामाचं किती जमतं, घरातली कामं पाठीमुळे अडतात का, पैशाची अडचण येते का, आणि मैत्रिणींबरोबर, घरच्यांबरोबर बाहेर जाण्यावर पाठीमुळे बंधन येतं का. आष्टी तालुक्यातली एक मुलगी, दहावीची. बाक चांगला मोठा, डावीकडचा खांदा नजरेत भरेल इतका खाली. घरकामाच्या प्रश्नाला तिने सगळ्यात चांगला पर्याय धरला: कधीच अडत नाही. मी विचारलं, खरंच नाही अडत? पाणी कोण भरतं?

"मीच भरतो जी."

दुखत नाही?

"दुखते ना. पण अडून कसं चालन?"

पाच गुण. पुढचा प्रश्न बाहेर जाण्याचा. तिथेही कधीच नाही, पाच गुण. कुठे जातेस मैत्रिणींबरोबर, असं विचारल्यावर ती हसली. कुठंच नाही. शाळा, वावर, घर. दिवाळीनंतर शाळेतून आलं की कापूस वेचायला. तिच्या वर्गातल्या सरळ पाठीच्या मुलीही कुठे जात नाहीत. पाठीने तिचं काही अडवलं नाही, कारण अडवण्यासारखं काही तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. प्रश्न चुकीचा नाही, उत्तरही खोटं नाही. फक्त पिट्सबर्गच्या नाही तर पुण्याच्या मुलीच्या पाच गुणांशेजारी हिचे पाच गुण ठेवले तर ते एकाच गोष्टीचे पाच नाहीत.

आणि त्याच गटात बाबांचा पैशाचा प्रश्न. म्हणजे एकाच रकान्यात एक उत्तर बापाच्या कर्जामुळे तळाला गेलेलं आणि दोन उत्तरं मुलीच्या सोसण्यामुळे वर चढलेली. सरासरी काढली की मुलगी ठीकठाक. मी हे स्टॅटिस्टिशियनना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांच्याकडे ही गोष्ट दुसऱ्या वाटेने पोचली होती. एका गटातले प्रश्न एकमेकांना धरून चालतात का हे बघायला क्रॉनबाखचा अल्फा काढतात, १९५१ पासूनची रीत आहे, ०.७ च्या वर गेला की चालतं असं मानतात. बाकीच्या गटांच्या मानाने आमचा कामकाजाचा गट मागे रेंगाळत होता. कॉम्प्युटर असंही सांगतो की कोणता प्रश्न काढून टाकला तर अल्फा सुधारेल. पैशाचा.

"काढून टाकू या का?" रेसिडेंट म्हणाला. पोरगा वाईट नाही, त्याला परीक्षेला बसायचंय.

मी नाही म्हटलं. मला आकडेशास्त्र कळत नाही, पण प्रश्न काढला तर ही प्रश्नावली उरते कुठे, मग दुसऱ्या भाषांतल्या मुलांशी तुलना कशी करणार? आणि दोष प्रश्नात आहे हे कशावरून ठरलं? आमच्याकडच्या माणसाला जिनिंगचं उदाहरण पटतं म्हणून मी तेच दिलं. काटा शासनाने तपासून शिक्का मारलेला असला तरी कापूस ओला आणला तर वजन जास्तच भरणार. काटा दुरुस्त करून काय उपयोग, आधी कापूस कुठून भिजून आला ते बघा. स्टॅटिस्टिशियन हसले, पण म्हणाले, ठीक आहे, जागा बदलून बघू.

जागा म्हणजे प्लास्टर रूमच्या मागची खोली. तिथे पूर्वी मोडक्या व्हीलचेअर ठेवायचे. त्या हलवल्या, पंखा दुरुस्त करून घेतला (या एका कामाला किती सह्या लागल्या त्यावर वेगळं लिहीन), एक टेबल, दोन खुर्च्या. माझं तिथे जाणं बंद. फिजिओथेरपीची एक इंटर्न आहे, हिंगणघाटची, त्या मुलींपेक्षा आठ-नऊ वर्षांनीच मोठी; कागद ती देणार. कागदावरचं दवाखान्याचं नाव आणि शिक्क्याची जागा काढली, मुलीच्या नावाऐवजी नंबर. पालकांची संमती माझ्या टेबलावरच घ्यायची, ती नियमाने लागतेच. १२ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची लेखी मान्यताही लागते, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमांत तसं आहे. ती मात्र आत, त्यांच्याकडून. एका बापाने कोरा कागद उलटून पालटून बघितला आणि मला म्हणाला, "शिक्का नाई मारत? मग याचा फायदा काय?" मला इतका आनंद झाला की विचारू नका. ज्या कागदाचा काही फायदा नाही असं लोकांना वाटतं, तोच आम्हाला हवा होता.

आया मात्र सहज बाहेर बसत नाहीत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून, म्हणजे मार्च २०२३ पासून, आमच्याकडे मुलींबरोबर वडिलांपेक्षा आया जास्त येतात असं माझं निरीक्षण आहे. आणि आई शेजारी असली की मुलगी पैशाच्या प्रश्नाला घाबरत नाही, दिसण्याच्या प्रश्नाला घाबरते. सध्याच्या पाठीसकट तू छान दिसतेस असं तुला वाटतं का? पाठीमुळे जवळच्या माणसांशी असलेल्या नात्यावर परिणाम होतो का? मुलगी आधी आईकडे बघते, मग मधली चौकट धरते. मधल्या चौकटीवर कुणी रागवत नाही. एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "मॅडम, तिच्या लग्नाचं कोनाजवळ काढू नका." मी लग्नाचा शब्दही काढला नव्हता. पोरगी चौदाची होती. पण त्या माउलीने तो प्रश्न वाचला तेव्हा तिला त्यात लग्नच दिसलं, आणि तिचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही.

म्हणून आता मी आयांना माझ्या टेबलावर अडकवून ठेवते. रेशनकार्डातलं नाव आधारशी जुळतं का, बँकेचं पासबुक आणलं का, घरी आणखी कुणाला काही आजार आहे का. हा माझा हातखंडा आहे, एक कार्ड मी पाऊण तास वाचू शकते.

आतून येणारे कागद वेगळे दिसायला लागले. पैशाच्या प्रश्नाला टोकाची टीक कमी झाली, दुखण्याला खरंखुरं थोडंफार दुखणं आलं. मनाच्या गटातले गुण उतरले. हे रेसिडेंटला आवडलं नाही, मला आवडलं. मधली चौकट ओस पडली. बाहेर जाण्याच्या प्रश्नाला मात्र पाचच येतात, खोली बदलून ते बदलणार नव्हतंच. गटातल्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त जणांना पैकीच्या पैकी मिळत असतील तर मोजमापाचं छत ठेंगणं आहे असं धरतात, वरचा फरक त्याला दिसत नाही. आमच्या मुलींचं छत कोणी बांधलं ते मी सांगितलंच.

शेवटची अडचण पुन्हा भरून घेण्याची. तीच मुलगी, तीच प्रश्नावली, साधारण दोन आठवड्यांनी. पाठीत काही बदल नसेल तर उत्तरंही जवळपास तीच यायला हवीत. मधलं अंतर एवढं असावं की आधीचं उत्तर आठवू नये आणि एवढंही नसावं की आजारच बदलेल. कागदावर सोपं आहे. दोन आठवड्यांनी फक्त कागद भरायला कोण येतं? फोनवर विचारावं तर फोन बापाचा, आणि बाप स्पीकर लावतो. पोस्टाने पाठवावं तर घरातला शिकलेला भाऊ भरून टाकतो. शेवटी पट्ट्याच्या मापाची दुसरी तारीख आणि ही तारीख एकच केली, तेव्हा जमलं. पण पट्टा न लागणाऱ्या मुली राहिल्याच, आणि त्यांच्यासाठी मी ओळखीच्या आशाताईंना विनवण्या केल्या की मुलगी शाळेत एकटी असेल तेव्हाच पाकीट द्या, घरी नको.

दिवाळीच्या पुढे-मागे जे कागद दुसऱ्यांदा आले त्यांत दुखण्याचे गुण पहिल्यापेक्षा कमी, म्हणजे दुखणं जास्त, दिसलं. स्टॅटिस्टिशियन म्हणाले, मेळ बसत नाही, प्रश्नावली डळमळते आहे. मी तारखा काढून दाखवल्या. पहिला कागद वेचणीच्या आधीचा, दुसरा वेचणी भरात असतानाचा. दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकून कापूस वेचला तर सरळ पाठसुद्धा दुखते. कॉबचा कोन दोन आठवड्यांत हलत नाही, पऱ्हाटी हलते. त्यांनी वेचणीच्या काळातले कागद वेगळे काढून गणित पुन्हा मांडायचं कबूल केलं आहे.

थीसिस लिहिणं सुरू आहे. पद्धतीच्या प्रकरणात सध्या एक ओळ आहे: प्रश्नावली बाह्यरुग्ण विभागात भरून घेण्यात आली. माझं म्हणणं आहे की तिथे लिहा, आधी योजनेच्या खिडकीशेजारी, नंतर वेगळ्या खोलीत. कुणी दिली, सोबत कोण होतं, कोणत्या महिन्यात. दोन्हीकडचे कागद एकत्र मोजू नका. उद्या बुलढाण्यात नाही तर गडचिरोलीत कुणी ही मराठी प्रत वापरायला घेईल, त्याचं टेबल कुठे आहे ते त्याला तपासता आलं पाहिजे. मी परिच्छेद लिहूनही दिला. गाईड सरांनी वाचला, बरोबर आहे म्हणाले, आणि म्हणाले की शब्दमर्यादेत बसत नाही, दोन ओळींत करा. दोन ओळी करून दिल्या आहेत. बाकीचं इथं.